परदेशातून अर्ज: प्रवेशाची शक्यता कशी जोखायची?

मदत हवी आहे. मुलगी आयबी डिप्लोमाच्या (बारावीच्या तोडीचा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम) शेवटच्या वर्षाला आहे. शाळेने 45 पैकी 37 अंदाजित गुण दिलेत, खरा निकाल जुलैत. अमेरिकेत संगणकशास्त्राला अर्ज करायचाय, पण तिथलं नागरिकत्व नाही. विद्यापीठं एकूण प्रवेशाची टक्केवारी देतात. परदेशी अर्जदारांची वेगळी क्वचितच दिसते. मग त्या आकड्याचा आम्हाला काय उपयोग? त्यात आर्थिक मदतही लागणार. हार्वर्ड, एमआयटी परदेशी मुलांचीही ऐपत न बघता निवड करतात, पण तिथे शिरकाव होणंच कठीण. बऱ्याच ठिकाणी मदत मागितली की शक्यता घटते. (सल्लागार काय, सगळ्यांनाच ‘होईल हो’ म्हणतात!) कॉमन डेटा सेटमध्ये (विद्यापीठं दरवर्षी ठरावीक नमुन्यात देतात ती प्रवेश-मदतीची माहिती) परदेशी विद्यार्थ्यांना दिलेल्या मदतीचे आकडे असतात, त्यावरून कुणी यादी ठरवली आहे का? आणि साधारण किती ठिकाणी अर्ज केलेत?