मदत हवी आहे: ड्रेडनॉटमधला निळा एलईडी पेटत नाही

वॉरहॅमर ४०,००० (टेबलावर छोट्या मॉडेल्सनी खेळायचा युद्धाचा खेळ) मधला ड्रेडनॉट, म्हणजे चालत्या लढाऊ यंत्राचं प्लास्टिक मॉडेल, बदलून रंगवतोय. डोळ्यात लाल आणि प्लाझ्मा गनमध्ये निळा, असे दोन ०६०३ एलईडी (जेमतेम १.६ मिमी लांब) बसवलेत. मॉडेलच्या हातात १ मिमीचं भोक पाडून इनॅमल्ड तार (वार्निशचा पातळ थर असलेली बारीक तांब्याची तार) बेसपर्यंत आणली. खाली सीआर२०३२ बटण सेल, ३ व्होल्टचा.

लाल छान पेटतो, निळा जवळपास विझलेलाच. दोघांना समांतर जोडून एकच रेझिस्टर दिला होता, तिथेच चुकलं असावं. लालला साधारण २ व्होल्ट पुरतात, निळ्याला ३ च्या आसपास लागतात. आता दोन सेल सिरीजमध्ये, लालला २.२ किलोओहम आणि निळ्याला १.५ किलोओहम असे वेगळे रेझिस्टर द्यायचा विचार आहे. बरोबर होईल ना?

दुसरं म्हणजे, पातळ प्लास्टिकमधून उजेड बाहेर झिरपतो. आतून काळा रंग आणि त्यावर चंदेरी हात दिला तर थांबेल का? बाहेरचं रंगकाम पूर्ण झालंय, तीन आठवडे गेलेत त्यात, ते पुन्हा उकरायचं जिवावर येतंय.

आणि सुपरग्लूच्या वाफेने एलईडीवर पांढरी झाक येते. तिथे तुम्ही काय वापरता, यूव्ही रेझिन (अतिनील प्रकाशात घट्ट होणारं) की साधा फेव्हिकॉल? कोणी केलं असेल तर आतल्या वायरिंगचे फोटो नक्की टाका.