कानाला सारखे, अर्थाला वेगळे : इंग्रजी शब्दांचे तुमचे अनुभव सांगा

इंग्रजीत उच्चार सारखा आणि अर्थ भलताच अशा जोड्या भरपूर आहेत. त्यातल्या काही मुळात सख्ख्या असतात, काहींचा एकमेकींशी संबंधच नसतो आणि हे शोधायला मला फार आवडतं. सुरुवात मीच करते. फूल आणि पीठ यांचे इंग्रजी शब्द पूर्वी एकच होते, दळलेल्या धान्यातला सगळ्यात बारीक, उत्तम भाग म्हणजे धान्याचं फूल, स्पेलिंग नंतर वेगळं झालं. आता तुम्ही लिहा.

---

मी शाळेत इंग्रजी शिकवते. 'नेव्हल' ही माझी सगळ्यात लाडकी जोडी. एक नौदलाचा, एक बेंबीचा, फरक फक्त ए आणि ई चा. मुलांना स्पेलिंग लक्षात राहीना म्हणून मूळ बघायला गेले तर पहिल्याचं लॅटिन नाविस हे आपल्या संस्कृत नौ चं भावंड निघालं आणि दुसरा थेट नाभीचा नातेवाईक! जुन्या इंग्रजीत त्याच घराण्यातला शब्द चाकाच्या तुंब्यासाठी होता आणि संस्कृतातही नाभी म्हणजे चाकाचा मध्य असतोच. वर्गात फळ्यावर नौ आणि नाभी लिहिलं तेव्हापासून स्पेलिंग चुकायचं थांबलं.

---

माझं काम मरीन इन्शुरन्सचं. जहाज फुटल्यावर आपोआप तरंगत राहिलेला माल फ्लॉट्सम, जहाज हलकं करायला मुद्दाम फेकलेला जेट्सम आणि नंतर काढता यावा म्हणून बोया बांधून बुडवलेला लॅगन. पहिल्यात फ्लोट दडलंय, दुसऱ्यात जेटिसन. ऐकायला यमक वाटतं पण ब्रिटनच्या १९९५ च्या मर्चंट शिपिंग कायद्यात हे शब्द आजही आहेत.

---

प्रूफरीडिंग करतो. स्टेशनरी दोन, एक स्थिर आणि एक कागद-पेनवाली. मध्ययुगात पुस्तकविक्रेते बरेचसे फिरते असायचे, विद्यापीठाजवळ एका जागी ठाण मांडून बसणारा तो स्टेशनर, म्हणजे दोघी बहिणीच. हे कळल्यावर मला तर हायसंच वाटलं.

---

गोरिला आणि गेरिला मात्र पूर्ण परके. गेरिला म्हणजे स्पॅनिशमध्ये छोटं युद्ध, नेपोलियनच्या फौजांशी स्पेनमध्ये १८०८ पासून लोक लढले त्या काळात तो इंग्रजीत आला. गोरिला हे नाव प्राणिशास्त्रात १८४७ मध्ये आलं, ते हॅनो या प्राचीन दर्यावर्दीच्या ग्रीक प्रवासवृत्तातून उचललेलं.

---

आयलंडमधला मुका एस कुठून आला माहितीये? आइल या लॅटिन वंशाच्या शब्दाशी गल्लत झाली म्हणून. आयलंड स्वतः अस्सल इंग्रजी, त्यात एस कधीच नव्हता. असे आणखी कुणाकडे असतील तर टाका ना, मी वही घेऊनच बसलोय.