मराठी अक्षरांचं पंचिंग स्वतः शिकायचं की सुरतेहून करून आणायचं?

शिलाईघर_अमळनेर

श्रावण तोंडावर आलाय. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई, आपल्या खानदेशाची देवी, बसेल. त्याआधी चौरंगावरचं मखमली कापड, ओढण्या, तोरणं यांवर नावं काढून घ्यायला लोक येतात. महिना संपता संपता पोळा, मग बैलांच्या झुली. पुढे लग्नसराईत उपरणी आणि टोप्या. आपल्या भागात एम्ब्रॉयडरी मशीनवर येणारं बरंचसं काम अक्षरांचं असतं, आणि तेही मराठी अक्षरांचं.

तरीही नवीन मशीन घेतलेल्या बाईला सगळे एकच सांगतात: पंचिंगच्या, म्हणजे मशीनसाठी टाक्यांची फाइल आखण्याच्या, नादी लागू नका, फोटो सॉफ्टवेअरमध्ये टाका आणि ऑटोचं बटण दाबा, टाके तेच आखतं, नाहीतर सुरतेला व्हॉट्सॲप करा, रात्रीत फाइल येते. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. माझं म्हणणं असं की सुरुवातीला ऑटो उघडूच नये. रनिंग (साधा धावदोरा), साटिन (एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दाट टाके) आणि टाटामी (मोठी जागा भरणारे टाके) हे तीन टाके स्वतः आखायला शिकावं, आणि पहिला धडा फुलापानांचा न घेता देवनागरी अक्षरांचा घ्यावा.

कारण सांगते. ‘कानबाई’ हा शब्द फॉन्टमधून थेट टाक्यांत बदलून बघा. सॉफ्टवेअर क, काना, न, ब, काना, ई असा एकेक तुकडा वेगळा धरतं. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर त्याची स्वतःची शिरोरेषा असते, आणि छापताना फट दिसू नये म्हणून फॉन्टमध्ये या रेषा एकमेकींवर जराशा चढवलेल्या असतात. कागदावर त्याचा काही त्रास नाही. कापडावर मात्र तिथे टाक्यांवर टाके बसतात, बोट फिरवलं तर गाठ लागते, सुई तिथेच अडखळते आणि धागाही नेमका तिथेच तुटतो. एवढ्याशा शब्दात असे पाच सांधे आहेत.

दुसरं, टाक्याची दिशा. काना उभा, म्हणून त्याचे साटिन टाके आडवे हवेत. शिरोरेषा आडवी, तिचे टाके उभे. ऑटो पुष्कळदा अख्ख्या अक्षराला एकाच कोनात भरून टाकतं. मग सगळीकडे चमक सारखीच येते आणि अक्षर चपटं दिसतं. शिवाय साटिन आपल्याच दिशेने कापड ओढतं, त्यामुळे काना आखला त्यापेक्षा बारीक उतरतो. तेवढी भर आधीच द्यावी लागते, साधारण ०.२ ते ०.४ मिमी. टी-शर्टाच्या होजिअरीला जास्त, जाड कॉटनला कमी.

आता हाताने आखताना काय करता येतं ते बघा. शिरोरेषा शेवटी ठेवायची. क पूर्ण झाला की धागा कापायचा नाही. शिरोरेषा जिथे येणार आहे त्या जागेवरूनच साधे रनिंग टाके टाकत पुढच्या कान्यापर्यंत जायचं, तिथून न, तिथून पुढे. सगळी अक्षरं झाली की वरून एकच सलग साटिनची शिरोरेषा घ्यायची. खालचे रनिंग टाके तिच्याखाली झाकले जातात आणि तिला अंडरले, म्हणजे खालचा आधाराचा थर, म्हणूनही उपयोगी पडतात. ट्रिम, म्हणजे मधे धागा कापणं, जवळजवळ नाही, गाठ नाही, मागची बाजूही स्वच्छ. इंग्रजी अक्षरांना ही सोय नाही, ती सुटी सुटी उभी असतात. आपल्या लिपीत ती जन्मजात आहे, आणि आपणच ती ऑटोच्या बटणाखाली घालवतो याचं मला वाईट वाटतं.

आकडे थोडक्यात: ४० नंबरच्या धाग्याला साटिनमध्ये ०.४ मिमी अंतर. एक मिमीपेक्षा बारीक रेघ साटिनने काढू नका, तिथे दुहेरी-तिहेरी रनिंग. सात-आठ मिमीच्या वर रुंदी गेली की साटिनचे टाके सैल पडून बांगडीत अडकतात, तिथे टाका मधे तोडा किंवा टाटामी घ्या.

उधना_पॅसेंजर

ताई, तुमचं ज्ञान पक्कं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण सल्ला कुणाला देताय ते बघा. मी नंदुरबारचा, सुरतेत एम्ब्रॉयडरीच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, बरीच वर्षं काढली. तिथे पंचिंग करणारा माणूस वेगळा, मशीन चालवणारा वेगळा, धागा कापणाऱ्या बाया वेगळ्या. प्रत्येकजण आपलं एकच काम दिवसभर करतो, म्हणून ते स्वस्त पडतं आणि वेळेवर होतं.

दोंडाईचा-शहाद्याच्या बाईने कर्ज काढून मशीन घेतलंय. हप्ता पंचिंगने फिटत नाही, मशीन फिरलं तर फिटतो. मिनिटाला ८०० टाक्यांनी बारा हजार टाक्यांचं काम पंधरा मिनिटांत उतरतं. तेच डिझाइन नवशिकी बाई आखायला बसली तर तिची दुपार जाते, आणि तेवढा वेळ मशीन गप्प. पंचिंगवाला हजार टाक्यांच्या हिशोबाने पैसे घेतो, ते गिऱ्हाइकाच्या बिलात लावता येतात. शिवाय एक फाइल शंभर टोप्यांना चालते. ज्याचं काम त्यानेच करावं.

चोपड्याची_लेक

उधना दादा, एक फाइल शंभर टोप्यांना चालते हे बरोबर. पण कानबाईच्या कापडावर प्रत्येक घराचं आडनाव वेगळं असतं. तिथे रोज नवीन फाइल लागते. मग रोज सुरत?

धुळे_मोनोग्राम

माझं काम शाळांच्या खिशावरच्या बिल्ल्यांचं. मी शिलाईघर ताईंच्या बाजूने आहे, पण माझं कारण वेगळं आहे.

बाहेरून फाइल येते ती डीएसटी. तिच्यात फक्त टाके असतात: सुई इथून तिथे, इथे थांब, इथे रंग बदल. हे साटिन आहे, ही शिरोरेषा आहे, याचं अंतर ०.४ आहे, यातलं तिला काही माहीत नसतं. रंगही नसतो, फक्त रंग बदलण्याची जागा असते. शाळा म्हणते, हाच बिल्ला स्वेटरसाठी थोडा मोठा करा. मशीनवर ताणला तर टाके तेवढेच राहतात आणि अंतर वाढतं, मधून कापड दिसायला लागतं. लहान केला तर टाके दाटतात आणि सुई तुटते. दहा टक्क्यांच्या पुढे डीएसटी ताणू नये हे सगळ्यांना माहीत आहे, पण पर्याय काय? मूळ फाइल, म्हणजे विलकॉम सॉफ्टवेअरची ईएमबी, पंचिंगवाला सहसा देत नाही. दिली तर तुम्ही परत त्याच्याकडे जाल कशाला? म्हणून दर वेळी नव्याने पैसे.

दुसरं, शुद्धलेखन. सुरतेचा कारागीर हुशार असतो, पण ‘ळ’ आणि ‘ऱ्य’ त्याच्या रोजच्या हाताखालचे नाहीत. शिवाय ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श हे शासनाने २००९ च्या निर्णयात ठरवून दिलेलं आहे. शाळेच्या बिल्ल्यावर ते चुकीचं गेलेलं मुख्याध्यापकांना चालत नाही, आणि चालू नयेच.

भुसावळ_ऑपरेटर

शिरोरेषा शेवटी घ्या म्हणता, ते सपाट फ्रेमवर ठीक आहे. टोपीवर करून बघा. टोपीची फ्रेम वाकडी असते, कापड बक्रमपासून, म्हणजे मागे लावलेल्या कडक अस्तरापासून, थोडं सुटलेलं असतं आणि सुईच्या पुढे ढकललं जातं. म्हणून टोपीचं काम मधून बाहेर आणि खालून वर घ्यायचं असतं. डावीकडून उजवीकडे सगळी अक्षरं घेतली आणि मग वरून लांब शिरोरेषा ओढली, तर तोवर कापड सरकलेलं असतं. एका टोकाला रेषा अक्षरावर चढते आणि दुसऱ्या टोकाला फट पडते.

मी शब्द मधोमध तोडतो. मधल्या अक्षरापासून उजवीकडचा अर्धा, त्याची शिरोरेषा लगेच. मग परत मधून डावीकडे. शिरोरेषेचा जोड कान्याच्या बरोबर वर ठेवायचा, तिथे उभ्या टाक्यांची जाडी असतेच, जोड डोळ्याला दिसत नाही. नवीन बायकांना ‘शिरोरेषा शेवटी’ असा सरसकट नियम देऊ नका.

तापीकाठ

ताई, तुमनं म्हननं खरं शे. आम्हना गावमा दुपारले लाईट गई का मशीन बंद, पन लॅपटॉप चालू ऱ्हास. तोच टाइम शिकाले कामे येस.

शिलाईघर_अमळनेर

भुसावळ दादा, टोपीचं तुम्ही म्हणता ते मान्य आहे, आणि कान्यावर जोड ठेवण्याची युक्ती फार चांगली आहे. पण हे तुम्हाला का सुचलं? टाका कुठून निघून कुठे जातो हे तुम्ही स्वतः ठरवता म्हणून. ऑटोवर बसलेल्या बाईला टोपी का बिघडली हेच कळणार नाही. तुमचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो.

उधना दादा, खातं आणि घरातलं एकच मशीन यांचा हिशोब सारखा नसतो. सुरतेत एक डिझाइन हजारो मीटर साडीवर चालतं, तिथे पंचिंगवाला वेगळा ठेवणं परवडतं. आमच्याकडे एक नाव एका कापडावर. आणि मखमलीचं काय? त्याच नावाची फाइल साध्या कॉटनवर छान उतरते, पण मखमलीची लव टाके गिळून टाकते. तिथे आधी कडेने रनिंग आणि त्यावर झिगझॅग असा अंडरले लागतो, वरून पाण्यात विरघळणारा पेपर लागतो, शिरोरेषाही जरा जाड करावी लागते. सुरतेच्या माणसाला तुमचं कापड दिसत नाही. ते तुमच्या हातात आहे.

बोदवड_क्लासवाला

मी शिकवतो, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. ऑटो उघडूच नये हे जरा जास्त होतंय. नवीन मुलगी पहिल्या आठवड्यात कापडावर काहीतरी उतरलेलं बघते तेव्हाच टिकते. आधी अंडरले, मग कॉम्पेन्सेशन (कापड ओढलं जातं त्याची भर), मग दिशा, असा महिनाभर अभ्यास दिला तर निम्म्या वर्गात परत येत नाहीत. मी आधी ऑटोने मोर काढायला लावतो, तो कापडावर उतरवतो आणि मग विचारतो, हा गळ्यापाशी का चुरगळला? तिथून शिकवणं सुरू होतं. त्यांना प्रश्न पडलेला असला की उत्तर डोक्यात बसतं.

आणखी एक गोष्ट कुणी बोलत नाही. पुष्कळ ठिकाणी चोरीच्या कॉप्यांवर शिकवलं जातं. मूळ सॉफ्टवेअर महाग आहे हे मला माहीत आहे, पण चोरीची कॉपी ऐन सीझनमध्ये बंद पडली की दाद कुणाकडे मागणार? माझ्या वर्गात इंकस्टिच चालतं. इंकस्केप या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरला जोडून चालतं, फुकट आहे, कायदेशीर आहे, मशीनला लागणाऱ्या डीएसटी, पीईएस, जेईएफ सगळ्या फाइली देतं. मूळ फाइल एसव्हीजी, म्हणजे केव्हाही बदलता येणारं रेषांचं चित्र, राहते, म्हणजे धुळ्याच्या दादांची ईएमबीची अडचणही सुटते. मूळ फाइल आपल्याकडेच.

उधना_पॅसेंजर

इंकस्टिचवर मराठी अक्षर येतं का नीट? की जोडाक्षर फुटून हलंत दिसतात? कितीतरी एम्ब्रॉयडरी सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते. म्हणूनच आमच्याकडे नाव आधी कोरल या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करून त्याची बाह्यरेषा आणतात.

बोदवड_क्लासवाला

इंकस्केपमध्ये युनिकोड मराठी व्यवस्थित टाइप होते, जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर येतात. मग अक्षरांचं पाथमध्ये, म्हणजे बाह्यरेषेच्या आकारात, रूपांतर करायचं आणि सगळ्यांचं युनियन करायचं, म्हणजे सगळे आकार मिळून एक करायचे. शिरोरेषेचे चढलेले तुकडे एक होतात, ताईंनी सांगितलेली गाठ तिथेच जाते. पण युनियन झालेला आकार भरीव असतो, तो तसाच सोडला तर टाटामी भरलं जातं. साटिन हवं तर प्रत्येक कान्याला दोन कडा आणि मधे आडव्या पायऱ्या स्वतः आखाव्या लागतात. हे काम वेळखाऊ आहे, मी लपवत नाही. मात्र एकदा क ते ज्ञ आखून ठेवलं की बहुतेक आडनावं त्यातून जुळवता येतात, राहिलेली जोडाक्षरं लागतील तशी आखायची.

चाळीसगाव_सुईदोरा

मी हाताची भरतकामवाली. तुमच्या सगळ्या वादात एक राहिलं. साटिन, रनिंग, भराव हे सगळं हाताने आधी घालून बघा. कापड किती ओढलं जातं ते बोटांना कळतं. रुमालावर एक ‘श्री’ हाताने काढलेल्या मुलीला ०.४ मिमी म्हणजे काय हे फार समजावून सांगावं लागत नाही.

उधना_पॅसेंजर

बरं. माझं मत अजून तेच आहे: मोर, वेल, मोठी नक्षी, जाळी हे सुरतेलाच द्या, तिथे आपला वेळ घालवू नका. अक्षरांपुरतं मी मागे येतो, ईएमबी आणि आडनावांचा मुद्दा मला नाकारता येत नाही. माझ्या पुतणीला श्रावणाआधी हेच शिकायला लावतो. पण मला कुणीतरी सांगा, अनुस्वाराचं काय करता? शिरोरेषेच्या वर एवढासा ठिपका, चार टाके पडतात आणि धुतला की निघून येतो.

भुसावळ_ऑपरेटर

ठिपका दीड मिमीपेक्षा लहान ठेवू नका, फॉन्टमध्ये असेल त्यापेक्षा मोठा करा. मधे दोन-तीन बारीक टाके अंडरलेचे, वरून साटिन. सुरुवातीला आणि शेवटी लॉक, म्हणजे धागा पक्का करणारे बारीक टाके, चालू ठेवा, बरेच जण लहान वस्तूला लॉक बंद करतात आणि तिथेच तो निघतो. आणि अनुस्वार शिरोरेषेच्या आधी घ्या. ठिपका झाला की धागा कापून खाली या, कापलेलं टोक शिरोरेषेखाली दाबलं जातं. आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर, तोच बक्रम लावून काढा, दोन वेळा धुवा, मगच गिऱ्हाइकाचं कापड फ्रेमला लावा.