डब्यावरचे ३२ ओहम
भाऊ, ‘हेडफोनच्या डब्यावर इम्पिडन्स (विजेला होणारा एकूण अडथळा) ३२ ओहम, म्हणजे सगळ्या सुरांना ३२च’ असं तुम्ही म्हणता, ते प्लेनारपुरतं, म्हणजे सपाट पातळ पडद्याच्या हेडफोनपुरतं, बरोबर. त्याच्या इम्पिडन्सचा आलेख जवळजवळ सपाट असतो. डायनॅमिकचं, म्हणजे पडद्याला तारेची कॉइल जोडलेल्या नेहमीच्या हेडफोनचं, तसं नाही. पडदा आपल्या नैसर्गिक कंपनावर, बऱ्याचदा १०० हर्ट्झच्या आसपास, जोरात हलतो, कॉइलमध्ये उलटं व्होल्टेज तयार होतं अन् इम्पिडन्स चढतो. परभणीत माझ्या टेबलावर जुना अ‍ॅम्प आहे, त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स तब्बल १०० ओहम! व्होल्टेज अ‍ॅम्प अन् हेडफोन यांच्यात इम्पिडन्सच्या प्रमाणात वाटलं जातं. त्यावर ३२चा हेडफोन शिखराला ६४ झाला, की तिथं ४ डेसिबल जादा. डग्गा नुसता घुमायलाय! बॅलन्स्ड आर्मेचर (इअरफोनमधला चिमुकला ड्रायव्हर) घेतला तर त्याचा इम्पिडन्स बहुधा वरच्या सुरांत चढतो, मग अशा अ‍ॅम्पवर झांजा टोचतात. मल्टिमीटर लावून बघू नका, त्यात फक्त डीसी (एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेचा) रेझिस्टन्स दिसतो, सुरागणिक बदलणारा इम्पिडन्स नाही.