भिगवणला पळसावर दिसलेला थवा भोरड्यांचाच का?

काल सकाळी कुंभारगावला गेलो होतो, उजनी धरणाच्या कडेला एक पळस नुसता पेटलेला आणि त्यावर शंभरेक पक्षी, अंग गुलाबी, डोकं पंख शेपूट काळं, आणि कलकलाट इतका की काही विचारू नका. भोरड्याच ना? काही मळकट तपकिरी पण होते त्यात. आणि पट्टकादंब (हिवाळ्यात येणारे रानहंस) गेले का सगळे? एकही दिसला नाही 😔

— हो भोरड्याच, म्हणूनच तर पळसमैना म्हणतात. मळकट दिसले ते गेल्या वर्षीची पिल्लं असणार. आता मार्चमध्ये पिसांची टोकं झिजतात त्यामुळे गुलाबी रंग जास्त खुलतो, मध्य आशियात वीण करायला निघायच्या आधी पळस-पांगाऱ्याचा मध पिऊन घेतात.

— पट्टकादंब मार्चमध्ये निघतात हो, हिमालय ओलांडून तिबेट, मंगोलियाकडे. पण डिकसळच्या बाजूला एकदा बघा, मागे राहिलेले एकदोन सापडतात कधीकधी.

— रोहित (फ्लेमिंगो) बघायला परत जा, उजनीचं पाणी उतरलं की चिखलात मस्त चरतात. फक्त होडीवाल्या दादांना आधीच सांगा, थव्यात होडी घालू नका, फोटोसाठी उडवू तर अजिबात नका. लांबच्या प्रवासाआधी त्यांना पोटभर खाऊ दे.