एक्झोरा पिवळा पडतोय, शिरा मात्र हिरव्या

गच्चीबाग_पुणे: १२ इंची कुंडीत लाल एक्झोरा आहे. ऊन पाच तास, पाणी बोअरचं. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्याच राहतात. जुनी पानं ठीक आहेत. शेणखत आणि अंड्यांच्या टरफलांची पूड देऊनही फरक नाही. कळ्याही नाहीत. काय करू?

मातीचा_माणूस: नवीन पानांवर हे दिसतंय म्हणजे लोहाची कमतरता. जुन्या पानांपासून सुरुवात असती तर मॅग्नेशियम किंवा नत्राचा संशय घेतला असता. कुंडीत लोह बहुतेक असणारच, पण एक्झोराला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच; आकडा जितका कमी तितकी माती आम्लधर्मी) साडेपाच-सहाच्या आसपास. बोअरच्या क्षारांनी सामू वर गेला की मुळांना लोह उचलता येत नाही. टरफलं आधी बंद करा, तो निव्वळ चुना आहे. राखही नको.

लिटरभर पाण्यात २ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार) आणि चिमूटभर लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा, दर दहा दिवसांनी, तीनदा. हिराकस फिकट हिरवा हवा. तांबूस झालेला घेऊ नका, त्यातलं लोह झाडाला मिळत नाही. फरशी झाकून ठेवा, डाग जात नाहीत.

कोकणमळा: फवारणीने पानं सुधारतील, पण मूळ दुखणं पाण्यात आहे. पावसाचं पाणी साठवून तेच घाला. ते नसेल तर बोअरच्या पाण्यात लिटरला पाव ग्रॅम लिंबूसत्त्वापासून सुरुवात करा आणि सामूपट्टीवर सहा दिसेपर्यंतच वाढवा. कोकणात जांभ्याच्या मातीत हाच एक्झोरा कुंपणाला बिनतक्रार वाढतो, देशावरच्या चुनखडीच्या मातीत रुसतो.

गच्चीबाग_पुणे: हिराकस थेट कुंडीत घातला तर? आणि छाटणी कधी करू?

मातीचा_माणूस: अशा मातीत तो दोन दिवसांत गंजतो, वाया जातो. मुळाशी द्यायचंच असेल तर ईडीडीएचए चिलेट (लोह विरघळलेलं धरून ठेवणारं खत) घ्या, पाकिटावरच्या मात्रेत. साधं ईडीटीए चिलेट एवढ्या सामूला लोह धरून ठेवत नाही. पूर्ण पिवळी झालेली पानं परत हिरवी होतीलच असं नाही, नवा फुटवा बघा.

कोकणमळा: छाटणी आत्ता नको, आधी हिरवा फुटवा येऊ द्या. फुलं नव्या फांदीच्या शेंड्यावर येतात, त्यामुळे सारखी कात्री लावली की कळ्याच कापल्या जातात. एक बहर संपला की सुकलेला गुच्छ खालच्या पानांच्या दोन जोड्यांसकट काढा.