जिप्सीचं इंजिन बुटकं करायचंय, बॉनेट लागत नाही (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, इथे गाड्यांतले जाणकार आहेत म्हणून विचारतोय, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

मी बडोद्याचा, घर दांडिया बाजारात, आणि मकरपुरा जीआयडीसीत मित्राच्या शेडमध्ये दोन वर्षं झाली एक बुटकी दोन सीटर बांधतोय, पाइपची चासी, इंजिन पुढे, ड्राइव्ह मागच्या चाकांना. किडा डोक्यात शिरला जानेवारी 2023 ला, लक्ष्मी विलास पॅलेसच्या हिरवळीवर 21 गन सॅल्यूट या प्रदर्शनाच्या जुन्या गाड्या आल्या होत्या तेव्हा. घरी येऊन झोपच नाही. आईचं म्हणणं, गाडी आहे का घसरगुंडी, आत बसायला माणूस झोपवावा लागतो. (आरटीओचं कोणी सांगू नका प्लीज, गाडीत फेरफार करण्याबाबतचा 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल वाचलाय, ही गाडी रस्त्यावर जाणारच नाही, खासगी जागेत आणि जमलं तर एखाद्या ट्रॅकवर.)

इंजिन जिप्सीचं घेतलंय, 1298 सीसी, आठ व्हाल्व, कार्बोरेटरवालं. कारण ते आधीपासूनच उभं, म्हणजे लांबीत बसतं आणि गिअरबॉक्स मागे येतो, मारुतीच्या बहुतेक गाड्यांसारखं आडवं नाही. पण बसवल्यावर कळलं की एअर क्लीनरचा डबा बॉनेटच्या रेषेच्या चक्क 85 मिमी वर येतोय. चासी आता बदलणं शक्य नाही, सगळं वेल्ड झालंय.

मग एका फॅब्रिकेटरकडे चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं) दिलं (नाव नको, माणूस वाईट नाहीये, मीच घाई केली). त्याने बुडाचा 45 मिमी पत्रा कापला, सपाट प्लेट मारली आणि तेल ओढायची जाळी पण तेवढीच कापून वर घेतली. मी खूश. फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते आधार) कापून इंजिन खाली घ्यायला गेलो तर 20 मिमीवरच अडकलं, कारण आता चेंबर नव्हे, तर बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधलं कवच) चासीला टेकतंय! हे मला आधी दिसलंच नाही, खाली वाकून बघितलं कोणी होतं.

पुढचं अजून भारी. तेल नेहमीसारखं साडेतीन लिटर भरलं, डिपस्टिकवर बघितलं, चालू केलं, दहा मिनिटांत डिपस्टिकवर फेस. लिटरभर काढलं तर सरळ चालताना ठीक, पण शेडमागच्या मैदानात डावीकडे जोरात वळवली की तेलाचा दिवा लुकलुकतो. तेव्हापासून चालू करायची हिंमत नाही.

तर प्रश्न असा की उरलेले 65 मिमी कुठून काढू? ड्राय सम्प (तेल चेंबरऐवजी बाहेरच्या टाकीत ठेवणं) करू का, का इंजिन 15 अंश तिरकं बसवू? मर्सिडीज 300 एसएलमध्ये तिरकंच होतं म्हणतात. बजेट विचारू नका, संपलंय.

प्रतिसाद, गॅरेजकाका:
मित्रा, आधी ते चालू न करण्याची हिंमत टिकव. फेस का आला सांगतो. चेंबर उथळ झालं, तेल तेवढंच, म्हणजे पातळी वर चढली आणि क्रँक (इंजिनचा फिरणारा मुख्य दांडा) त्यात बुडून घुसळायला लागला, ताक करतो तसं. हवा मिसळलेलं तेल बेअरिंगला काय दाब देणार? तुझी डिपस्टिक जुन्या चेंबरची आहे, तिची खूण आता खोटी. आणि तेल कमी केलंस तर वळणावर सगळं एका बाजूला पळतं, जाळी उघडी पडते. दिवा एक सेकंद लुकलुकला म्हणजे तेवढा वेळ क्रँक कोरडा फिरला. खालून दोन कॅप खोलून बेअरिंगचे शेल (आतल्या पातळ वाट्या) झिजलेत का बघच.

आता मुख्य. बेल हाउसिंगच्या खाली चेंबर असेल तर कापून फायदा, हाउसिंगच्या वर गेलं की कापलेला प्रत्येक मिमी फुकट. तुझे 45 पैकी 20 कामाचे, 25 वाया. ते 25 परत जोड! वर दोन्ही बाजूंना पंख काढून तेल पुन्हा साडेतीनला ने, आत जाळीभोवती पत्र्याच्या भिंती आणि आतल्या बाजूला उघडणारी झडप. जाळी आणि बूड यांत 8 ते 10 मिमी ठेव, चिकटवू नकोस.

ड्राय सम्प म्हणजे बाहेरचा पंप, बेल्ट, टाकी, जाड होजेस. मस्त असतं, पण हाउसिंग तिथेच राहणार, मग उंचीत तुला काय मिळालं? शून्य.

प्रतिसाद, कागदपेन्सिल:
तिरकं करायच्या आधी हिशोब कर. क्रँकपासून टॅपेट कव्हर (इंजिनचं वरचं झाकण) समजा 400 मिमी वर आणि कव्हर मध्यापासून 80 मिमी रुंद. 15 अंश कलवलं की वरचा कोपरा 407 वर येतो, म्हणजे 7 मिमी उलट उंच! 45 अंशाला 340 होतो. 300 एसएलमध्ये 50 अंशांच्या आसपास झोपवलंय, आणि तिथे ड्राय सम्पही होता, उगाच नाही. त्यात तुझा गिअरबॉक्सही कलणार आणि कार्बोरेटर सरळ राहायला मॅनिफोल्ड (कार्बोरेटर ज्यावर बसतो तो पाइप) नवा करावा लागेल, कार्बोरेटरमधला पेट्रोलवर तरंगणारा फ्लोट तिरका चालत नाही. त्यापेक्षा एअर क्लीनर काढून कार्बोरेटरच्या डोक्यावर चपटी टोपी आणि पाइपने फिल्टर बाजूला ने.

मूळ धागाकर्ता:
कालच मोजलं, चपटी टोपी केली तर 40 मिमी सुटतात. काका, चेंबर परत दिलंय, यावेळी पुठ्ठ्याचा साचा कापून सोबत दिला. शेल उद्या खोलतोय, घाबरत घाबरत.

म्हणजे 25 उरले. चासी हलत नाही, हाउसिंग हलत नाही. बॉनेटला फुगवटा काढू का? मला आवडत नाही खरं, पण जग्वार ई-टाइपच्या बॉनेटवर पण आहेच आणि तिला कोणी कुरूप म्हणत नाही. कोणी फायबरचा फुगवटा केला असेल तर साच्यासाठी काय वापरलं तेवढं सांगा, मी थर्माकोल वापरला आणि रेझिनने तो विरघळला.